शनिवारी गंगापूर रोडला दोन इंडी पॉप बँड वाजले, कोण कोण होतं?

शिफ्टवाला | सोमवार, सकाळी ७:१०

शनिवारी संध्याकाळी गंगापूर रोडच्या पुढच्या टोकाला एका कॅफेच्या मागच्या लॉनवर दोन बँड वाजले. एक पुण्याचा, एक मुंबईचा. दोघांचं मिळून दोन तासांचं वाजवणं आणि त्यात एकही गाणं दुसऱ्या कुणाचं नाही, सगळी स्वतःची. नाशकात हे फार क्वचित होतं म्हणून सविस्तर लिहितोय. जागेचं आणि बँडचं नाव घालत नाही, कारण खाली थोडी तक्रारही आहे आणि पोरं अजून नवी आहेत. जे आले होते त्यांना कळेलच.

मी सातपूरला कामाला आहे. शनिवारी सेकंड शिफ्ट होती, ती एकाशी बदलून फर्स्ट घेतली. तीनला सुटलो, घरी येऊन दोन तास पडलो आणि मित्राला घेऊन निघालो. तिकीट ४९९. लॉनवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, मी मोजल्या, १२० होत्या. सात वाजेपर्यंत त्या भरल्या आणि मागे पंचवीस-तीस जण उभे होते.

सातचा कार्यक्रम ७:३५ ला सुरू झाला आणि त्याचं कारण मला अगदी पहिल्या मिनिटाला कळलं होतं. साउंड चेक चालू होता आणि स्पीकरमधून एक घरघर येत होती, एकाच सुरात, न थांबता. मी दिवसभर मशीनच्या पॅनेलशेजारी उभा असतो, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. साउंडवाला मुलगा एकेक केबल काढून बघत होता. गिटारची काढली, बेसची काढली, कीबोर्डची काढली, घरघर तशीच. शेवटी त्याने स्टेजवरच्या लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि सगळं एकदम शांत झालं. इतकं शांत की कंपाउंडच्या पलीकडचे रातकिडे ऐकू यायला लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या लॅपटॉपची बॅटरी आधीच अर्ध्याच्या खाली होती, हे कीबोर्डवरच्या मुलीच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पहिला बँड पुण्याचा. चौघं जण. गाणारी मुलगीच कीबोर्ड वाजवते, बाकी गिटार, बेस आणि ड्रम. गाणी बहुतेक इंग्रजी. तिचा आवाज मोठा नाही. माईकच्या जाळीला ओठ टेकतील इतक्या जवळून ती गाते, त्यामुळे शब्दाआधीचा श्वासही ऐकू येतो. हे मोबाइलवर ऐकताना कधी जाणवलं नव्हतं. मोठ्या आवाजाच्या गायकाकडे आपण बघत बसतो, हिच्याकडे मात्र सगळे थोडे पुढे वाकून ऐकत होते.

पहिलं गाणं झाल्यावर पुढच्या रांगेतून एका गृहस्थांनी जुन्या हिंदी सिनेमातल्या गाण्याची फर्माईश केली. ती हसली आणि म्हणाली, "आज आमचीच ऐका ना, प्लीज." एवढंच. नंतर कुणी काही मागितलं नाही.

थंडी चांगलीच होती. गिटारवाला दर गाण्यानंतर सूर लावत होता. गार हवेत तार आखडते आणि सूर वर चढतो, दुपारी साउंड चेकला लावलेला सूर रात्री कसा टिकणार? पण तो घाई करत नव्हता. पाठ फिरवून, मान खाली घालून तार उतरवायचा, आणि तेवढा वेळ बेसवाला दोनच सुरांवर काहीतरी हळू वाजवत राहायचा, गाणं आणि गाण्याच्या मधली जागा रिकामी राहू नये म्हणून. मला हे फार आवडलं. एकमेकांचा वेळ भरून काढणं शिकवून येत नाही, खूप तास एकत्र बसल्याशिवाय जमत नाही.

आता लॅपटॉपचं. त्यांच्या गाण्यांत मागे व्हायोलिनसारखे सूर आणि जादाचे आवाज असतात, ते लॅपटॉपमधून वाजतात. ड्रमरच्या कानात त्याबरोबर टिकटिक चालू असते, तिच्या लयीत तो वाजवतो. पाचव्या गाण्याआधी ती मुलगी वाकली, स्क्रीन पाहिली, ड्रमरकडे बघून मान हलवली आणि झाकण बंद केलं. ड्रमरने कानातलं काढून गळ्यात सोडलं. पुढची दोन गाणी चौघांनी चार वाद्यांवरच वाजवली. लय थोडी चढली, दुसऱ्या गाण्यात तर चांगलीच चढली. व्हायोलिन नव्हतं तिथे बेसवाला घाबरत घाबरत गायला लागला. माझ्या मते संध्याकाळची सगळ्यात चांगली सात-आठ मिनिटं तीच. आधीची गाणीही सुंदर होती, पण ती घरून तयार करून आणलेली होती. ही दोन आमच्यासमोर घडली.

दुसरा बँड मुंबईचा, तिघंच. गिटार, सिंथ (म्हणजे आवाज तयार करणारा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आणि ट्रम्पेट. ड्रम नाहीत, पॅडवर हाताने ठोका धरतात. गाणी हिंदी आणि एक मराठी. मराठी गाणं गावचं घर विकल्यावरही जुडग्यात राहून गेलेल्या एका किल्लीवर आहे. कडव्यात घराचं वर्णन नाही, फक्त किल्लीचं आहे: कुठे गंज चढलाय, खिशात कुठे टोचते. आमचं सिन्नरचं घर गेलं त्याला अकरा वर्षं झाली. माझ्या गाडीच्या किल्लीच्या रिंगमध्ये अजून त्या कडीकोयंड्याची किल्ली आहे. गाणं चालू असताना मी खिशात हात घालून ती धरून बसलो होतो.

९:५५ ला आयोजकांनी हात केला आणि शेवटचं गाणं राहिलं. दहाचा नियम आहे हे मान्य. पण पस्तीस मिनिटं उशीर झाला नसता तर ते गाणं झालं असतं. एवढी एक तक्रार. दुसरी, मागच्या टेबलांवरच्या गप्पांची. मराठी गाण्यातही त्या थांबल्या नाहीत.

तुमच्यापैकी कोण होतं? कसं वाटलं?

गोदाकाठची | सोमवार, सकाळी ९:२२

मी होते! डावीकडे, तुळशीच्या कुंड्यांपाशी. किल्लीच्या गाण्यात माझ्याशेजारची मुलगी रडत होती, तिला पाणी दिलं.

ट्रम्पेटबद्दल लिहायला हवं होतं दादा. आपल्याकडे ट्रम्पेट म्हटलं की वरात. लहानपणापासून तो कर्कश, रस्त्यावर, फटाक्यांच्या बरोबरीने ऐकलेला. या मुलाने भोंग्यात ते वाटीसारखं झाकण घालून इतका हळू वाजवला की मला आधी बासरी वाटली. सिंथचा सूर लांबवर ताणलेला आणि त्यावर हा मधूनच दोन-तीन सूर ठेवून गप्प बसायचा. वाद्य तेच, पण मी ते पहिल्यांदा ऐकलं असं वाटलं.

एक अडचण मात्र सांगते. मी नाशिकरोडला राहते. कार्यक्रमातून दहाला सुटल्यावर रिक्षावाल्यांनी जे भाडं सांगितलं ते तिकिटापेक्षा जास्त होतं. शेवटी मैत्रिणीच्या भावाला बोलवावं लागलं. मुली येत नाहीत असं म्हणतात, त्यात परत जायचं कसं हा भाग मोठा आहे.

मिक्सरमागे | सोमवार, सकाळी ११:०५

मी पंधरा वर्षं साउंड करतो, लग्नं, सभा, भजनी मंडळं, सगळं. शनिवारी मी तिथे नव्हतो, पण वर्णनावरून सांगतो. लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर असले की दोन अर्थिंगमध्ये फेर तयार होतो आणि मेनची ५० हर्ट्झची घरघर ऑडिओच्या केबलवरून आत येते. उपाय सोपा आहे. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे ऑडिओच्या केबलवर लावायची एक छोटी पेटी, लावायचा, त्याच्यावर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे ऑडिओ केबलमधली अर्थिंगची जोडणी तोडणारं, बटण असतं, ते दाबायचं. शक्यतो स्टेजची सगळी वीज एकाच ठिकाणाहून घ्यायची. अर्थिंगची पिन मोडून टाकणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीही करू नका, ओठ माईकला लागलेला असतो, शॉक जिवावर बेतू शकतो. त्या मुलाने पिन न मोडता चार्जर काढला, बरोबर केलं त्याने.

लॅपटॉपवरच्या ट्रॅकला मात्र नावं ठेवू नका. चार जणांच्या गाडीभाड्यात नाशिकला यायचं तर व्हायोलिनवाले चौघं कुठून आणणार? पुण्याहून दोनशे किलोमीटरवर आहोत आपण.

शिफ्टवाला | सोमवार, दुपारी ३:४०

@मिक्सरमागे, नावं ठेवत नाही. ट्रॅक वाजवणं ही फसवणूक आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. टिकटिक कानात असली की चौघं जण त्या टिकटिकीकडे ऐकतात, ती गेली की एकमेकांकडे ऐकतात, आणि खुर्चीत बसलेल्याला तो फरक कळतो, इतकंच.

@गोदाकाठची, ट्रम्पेटचं राहून गेलं खरं. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

कवडसा | सोमवार, दुपारी ४:१५

इंडी पॉप म्हणजे नक्की काय? नव्वदच्या दशकात टीव्हीवर यायचं ते इंडिपॉप वेगळं ना? माझा मुलगा म्हणतो वेगळं, पण त्याला सांगता येत नाही.

जुनी कॅसेट | सोमवार, संध्याकाळी ६:५०

वेगळं. नव्वदच्या दशकातल्या आपल्या इंडिपॉपमध्ये 'इंडि' म्हणजे इंडियन, सिनेमाबाहेरचं भारतीय पॉप, आणि त्यामागे मोठ्या कंपन्याच होत्या. या इंडीचा अर्थ इंडिपेंडंट. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये मोठ्या कंपन्यांना बाजूला ठेवून लोकांनी छोटी लेबलं काढली, स्वतः रेकॉर्ड काढल्या आणि स्वतः विकल्या. १९८६ मध्ये एनएमई या संगीत साप्ताहिकाने सी-८६ नावाची २२ गाण्यांची कॅसेट काढली, त्यानंतर खणखणीत गिटार, साधी चाल आणि थोडा बुजरा आवाज अशा गाण्यांना इंडी पॉप म्हणायची पद्धत पक्की झाली. ब्रिस्टलचं सारा रेकॉर्ड्स १९८७ ते १९९५ चाललं आणि १०० क्रमांकांची प्रकाशनं झाल्यावर त्यांनी ते स्वतःहून बंद केलं. त्यातली बरीच सात इंची रेकॉर्डवर होती.

म्हणजे मुळात इंडी हे गाण्याच्या चालीचं नाव नव्हतं, पैसा कुठून येतो आणि निर्णय कोण घेतं याचं होतं. चाल नंतर चिकटली. शनिवारच्या दोन्ही बँडना ते नाव दोन्ही अर्थांनी लागू पडतं. पुण्याचा बँड टी-शर्टच्या टेबलावर स्वतःच बसला होता, बघितलंत ना?

आपल्या बाजूला बोलायचं तर सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव २००८ पासून आपल्याच दाराशी सुरू झाला, पुण्यात एनएच७ वीकेंडर हा महोत्सव २०१० पासून. तिथे मी उत्तम बँड ऐकलेत. पण तिथे हजारोंच्या गर्दीत उभं राहायचं असतं. गायिकेचा श्वास ऐकू यायचा तर १२० खुर्च्याच हव्यात.

मागची गल्ली | सोमवार, रात्री ९:३०

मी त्या लॉनच्या मागच्या सोसायटीत राहते. माझी आई अंथरुणाला खिळून आहे. शनिवारी तिला त्रास झाला नाही हे मुद्दाम सांगते, कारण आवाज खरंच बेताचा होता आणि दहाच्या आत सगळं बंद झालं. पण महिन्यापूर्वी तिथेच एका कार्यक्रमाला साडेअकरापर्यंत बेस धडधडत होता. खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि ती माझा हात सोडत नव्हती. तुम्हाला एक गाणं राहिल्याचं वाईट वाटलं ते मी समजू शकते. पण दहा म्हणजे दहा, याबद्दल मला बोलायला नको वाटतं.

शिफ्टवाला | सोमवार, रात्री ११:५०

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. दहाला बंद केलं ते बरोबरच होतं. माझी तक्रार दहाबद्दल नाही, सात वाजता सुरू न झाल्याबद्दल आहे. आईंना नमस्कार सांगा.

द्राक्षबाग | मंगळवार, सकाळी ८:००

नियम काय आहे ते लिहितो, कारण आयोजकांनाही तो अर्धाच माहीत असतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० मधले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र, तिथे त्याहूनही कमी. सभागृहासारख्या बंद जागेला दहाच्या बंदीतून सूट आहे, फक्त आवाज बाहेर जाता कामा नये.

लॉन लग्नासाठी ठीक आहे. नेहमी असे कार्यक्रम करायचे तर चार भिंतींची, आवाज बाहेर न सोडणारी, शंभर-दीडशे माणसांची खोली लागेल. कालिदास कलामंदिर हे नाट्यगृह अशा दोन बँडसाठी फार मोठं पडतं. कॅफेच्या कोपऱ्यात गिटार घेऊन बसलेल्या मुलाकडे लोक जेवता जेवता बघतात. या दोन्हींच्या मधली खोली आपल्याकडे नाही.

कवडसा | मंगळवार, सकाळी १०:४०

@जुनी कॅसेट, धन्यवाद, मुलाला वाचून दाखवलं. तिकीट ४९९ च का, हेही कुणी सांगाल का?

द्राक्षबाग | मंगळवार, सकाळी ११:१५

५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर संगीताच्या कार्यक्रमाला जीएसटी नाही, त्यावर गेलं की लागतो. म्हणून ४९९. आता हिशेब करा. १२० गुणिले ४९९ म्हणजे ५९,८८०. त्यातून जागा, साउंड, दोन बँडची गाडी, राहणं, जेवण. सातजण कलाकार, सोबत एखादा माणूस. उरतं काय ते तुम्हीच बघा.

पंचवटीतला वाडा | मंगळवार, दुपारी १:००

तिकिटाचा विषय निघाला म्हणून लिहितो. काही जणांनी बाहेर "गाणं ऐकायला पाचशे रुपये?" असं म्हटलेलं मी ऐकलं. मंडळी, हे नाशिक आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचं उत्तरायुष्य इथे पंचवटीत गेलं. राजेरजवाड्यांच्या दरबारातून गाणं बाहेर काढून, तिकीट लावून, सामान्य माणसासमोर जाहीर मैफल करणाऱ्यांत ते अग्रणी. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं ते लोकांच्या पैशावर. ऐकणाऱ्याने पैसे दिले की गाणाऱ्याला कुणाच्या मर्जीवर राहावं लागत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. त्या पुण्याच्या मुलीने फर्माईश नाकारली ती तिकिटाच्या जोरावर नाकारली. मी शास्त्रीय ऐकणारा माणूस, नातीबरोबर गेलो होतो. मला गाणी सगळी कळली नाहीत, पण सूर सच्चा होता.

साठीचा श्रोता | मंगळवार, रात्री ८:२५

फर्माईश करणारा मीच. नातेवाईकाने हा धागा पाठवला.

मी ऑर्केस्ट्राच्या जमान्यातला. तेव्हा चिठ्ठीवर गाणं लिहून स्टेजवर पाठवायची रीत होती, आपली चिठ्ठी वाचली गेली की कॉलर ताठ व्हायची. गाणाऱ्याचा तो मान आहे असंच मी समजत होतो. त्या मुलीने "आमचीच ऐका ना" म्हटलं तेव्हा आधी कानकोंडं झालो. मग वाटलं, माझ्या सगळ्या आयुष्यात मी कधी असं गाणं समोर बसून ऐकलंच नव्हतं, जे मला आधीपासून पाठ नाही. पुढच्या ओळीत काय येणार हे माहीत नसताना ऐकायला वेगळंच लक्ष लागतं. शेवटपर्यंत थांबलो. नंतर टेबलापाशी जाऊन तिला सॉरी म्हणालो, ती म्हणाली, "काका, तुम्ही मागितलंत म्हणजे ऐकत होतात." एक टी-शर्ट घेतला, एक्सएल. गाडीत कोंडाजीचा चिवडा होता, पाहुण्यांसाठी घेतलेला, तो त्यांना प्रवासाला दिला.

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ८:४०

काका, तुमची पोस्ट तीनदा वाचली.

मिक्सरमागे | मंगळवार, रात्री १०:१०

टी-शर्ट घेतलात ते उत्तम केलंत. पोरांना मदत करायची तर तोच सरळ रस्ता. नाहीतर बँडकॅम्पवर गाणी विकत घ्या, तिथे डिजिटल विक्रीत साधारण १५ टक्के साइट ठेवते, बाकीचं बहुतेक बँडकडे जातं. नुसतं ऐकण्याच्या ॲपवर तेवढे पैसे यायला हजारो वेळा गाणं वाजावं लागतं.

आणि पुढचा कार्यक्रम कुणी करणार असेल तर मला सांगा. माझ्याकडे चार डीआय बॉक्स पडून आहेत. भाडं नको, चहा द्या. फक्त साउंड चेक चारला सुरू करू द्या, सातच्या ठोक्याला पहिला सूर लागेल.

मागची गल्ली | बुधवार, सकाळी ७:४५

सातला सुरू होणार असेल आणि आवाज शनिवारइतकाच राहणार असेल तर मीही येईन. आईजवळ बहिणीला बसवेन. किल्लीचं गाणं गच्चीवरून अर्धंच ऐकू आलं होतं.

शिफ्टवाला | बुधवार, दुपारी ३:३०

आत्ताच सुटलो. आयोजकांशी फोनवर बोललो. त्यांना धागा वाचून दाखवला, उशिराचं त्यांनी मान्य केलं. मुंबईचा बँड फेब्रुवारीत परत यायला तयार आहे, राहिलेलं गाणं पहिलं घेणार म्हणाले. बंद हॉल शोधताहेत. इंदिरानगर किंवा कॉलेज रोडच्या बाजूला शंभर-दीडशे माणसांचा, गाड्या लावायला जागा असलेला हॉल कुणाला माहीत असेल तर इथे लिहा.

@मिक्सरमागे, तुमचा निरोप दिला, ते खूश झाले. @गोदाकाठची, नाशिकरोडकडच्या मुलींसाठी आम्ही दोन गाड्या ठेवतो, माझी आणि मित्राची. किती जणी आहात तेवढं कळवा. शिफ्ट मी आत्ताच बदलून मागतो.